बागेत जायला फोर बाय फोर घ्यायची आहे: एटीव्ही, थार, जिम्नी की जुनी जिप्सी?

कलमवाली_राजापूर

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात आमची हापूसची आणि काजूची कलमं आहेत. डांबरी रस्त्यापासून बाग दीडेक किलोमीटर आत, सड्यावर. आधी बिदी लागते, दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे. मग वहाळ. वहाळ ओलांडला की शेवटचा चढ, साठ-सत्तर मीटरचाच, पण अंगावर येणारा, आणि मध्येमध्ये जांभ्याच्या कडा वर आलेल्या.

सध्या जुनी पिकअप आहे, साधी, मागच्या चाकांवर चालणारी. एप्रिल संपेपर्यंत तिची काही तक्रार नसते. मेमध्ये वळवाची एक सर येऊन गेली की चढावर चाकं जागच्या जागी फिरतात, आणि आंबा तर नेमका तेव्हाच उतरवायचा असतो. मग गडी डोक्यावरून क्रेट वहाळापर्यंत आणतात. मजुरी जाते ती जातेच, फळ दुखावतं ते वेगळंच.

काम असं: हंगामात एका खेपेला पंचवीस-तीस भरलेले क्रेट. एरवी शेणखत, खताची पोती, फवारणीचं दोनशे लिटरचं पिंप. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी फेरी. शिवाय सासूबाईंना रत्नागिरीला दवाखान्यात न्यावं लागतं, त्यांचे गुडघे दुखतात. बारा लाखांपर्यंत जमवू, थोडं कर्ज काढून.

पुण्याला कृषी प्रदर्शनात एका स्टॉलवाल्याने चार चाकांची एटीव्ही दाखवली, "बागेसाठी हीच" म्हणाला. पुतण्या म्हणतो थार. आमचे हे म्हणतात ओळखीत एक जुनी जिप्सी आहे, स्वस्तात मिळतेय. मला दिसायला कशी आहे याच्याशी देणंघेणं नाही, चालू राहिली पाहिजे. कोणाचा अनुभव?

---

सह्याद्री_भटक्या

ताई, डोळे मिटून थार फोर बाय फोर. ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिमी, साडेसहाशे मिमी पाण्यातून जाते, २.२ डिझेलला ३०० न्यूटन मीटरचा टॉर्क. तुमचा चढ तिला दिसणारसुद्धा नाही. फक्त घेताना लक्ष ठेवा: २०२३ मध्ये १.५ डिझेलची स्वस्त थार आली ती टू व्हील ड्राइव्ह आहे. बाहेरून सारखीच दिसते आणि सेल्समन आपणहून सांगेलच असं नाही. टायर ऑल-टेरेन टाका आणि मजा करा.

---

गॅरेजवाला_सावर्डे

ताई, गाडीचं नाव मागाहून ठरवू. आधी चढावर वजन किती न्यायचंय ते बघा, आणि गाडी बसली तर ती उघडणारा माणूस किती लांब आहे ते बघा. थार चढेल, भटक्याभाऊंचं चूक नाही. पण चढून काय करेल? चार सीट आणि मागे दोन पिशव्यांची जागा. भरलेला क्रेट वीस-बावीस किलो धरला तर तुमचे तीस क्रेट सहाशे किलोच्या पुढे गेले. ते थारमध्ये ठेवायचे कुठे?

मी सावर्ड्यात हायवेला लागून गॅरेज चालवतो. वडिलांच्या हाताखाली पाने धरायला लागलो तेव्हा प्युजो इंजिनच्या महिंद्रा जीप यायच्या, कमांडर वगैरे, आणि बजाज टेम्पोच्या ट्रॅक्स. त्या काळापासून माझं एक ठरलेलं आहे: भरवशाची गाडी कुठली हे जाहिरातीत बघायचं नाही, वडापवाला काय चालवतो ते बघायचं. ज्याचं पोट रोजच्या फेऱ्यांवर आहे तो अशीच गाडी ठेवतो जिचा क्लच दुपारी बसला तर संध्याकाळी शेवटची फेरी मारता येईल. तुमच्या भागात वडापवाले, चिरेवाले आणि दूधवाले काय चालवतात ते बघा. त्या गाडीचा पार्ट राजापुरात मिळणार, नाहीतर ओणी-पाचलला तरी कोणाकडे पडलेला असणार.

आता एकेक.

एटीव्ही विसरा. ती वाईट असते असं नाही, पण आपल्याकडे ती रस्त्यावरची गाडी म्हणून पास होत नाही. नंबर नाही, म्हणजे डांबरी रस्ता आडवा ओलांडायचा तरी कायद्याने अडचण. पुढेमागे कॅरिअर असतो त्यावर दोन-तीन क्रेट बसतील. आडव्या उतारावर वजन वर आलं की कलंडते, आणि डोक्यावर छप्पर नसल्यामुळे खाली सापडतो तो चालवणारा. रिसॉर्टवाल्यांच्या ट्रॅकवर पर्यटकांना फिरवायला ती ठीक. सासूबाईंना काय एटीव्हीवर बसवून रत्नागिरीला नेणार?

जिप्सी. मन दुखेल, पण सांगतो. गाडी सोन्यासारखी होती. १९८५ ला आली, २०१८-१९ च्या सुमारास बंद झाली, मधली बरीच वर्षं लष्कराने ती बर्फात आणि वाळूत वापरली. वजनाला टनाच्या आत, म्हणून चिखलात रुतत नाही. पण आज विकायला येते ती एकतर हौशी पोरांनी उंच करून, इंजिन बदलून, मोठे टायर घालून नासवलेली असते, नाहीतर लष्करी लिलावातली. लिलावातल्या गाडीचे कागद सरळ असले तर ठीक, नाहीतर आरटीओत चपला झिजतील. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत फेरफार केलेली गाडी नोंदवता येणार नाही. त्यामुळे आरसीवर जे इंजिन आणि जी बॉडी लिहिलीय तीच समोर उभी आहे का, हे आधी बघा. पंधरा वर्षांची झाली असेल तर पुन्हा पासिंग आणि पर्यावरण कर आलाच. आणि पुढे-मागे पाट्याच्या स्प्रिंगा. सासूबाई एकदा बसतील, दुसऱ्यांदा एसटीने जाईन म्हणतील.

तरीही यजमान बघायला जाणार असतील तर त्यांना एवढं करायला सांगा. गाडी मऊ मातीत न्यायची, डांबरावर नाही. लो, म्हणजे जास्त जोराचा फोर व्हीलचा हळू गिअर, घालून बघायचं. लिव्हर दोन्ही हातांनी ओढावा लागला किंवा घातल्यावर परत निघाला तर पुढे बोलायचंच नाही. मग खाली झोपून पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलचा तेलाचा बोल्ट थोडा सैल करायचा आणि चार थेंब बोटावर घ्यायचे. गिअर ऑइल मधासारखं पारदर्शक किंवा नुसतं काळपट असेल तर चालेल. पांढरट, फेसाळ असेल तर आत पाणी गेलंय. बेअरिंगं, क्राउन-पिनियन सगळ्याचं आयुष्य गेलं समजा.

हे पाणी जातं कसं ते सांगतो, कारण तुमच्या वाटेत वहाळ आहे आणि नवीन गाडीलाही हेच होणार आहे. चालून चालून अ‍ॅक्सल तापतो. आतली हवा तापून फुगते, ती बाहेर पडायला वर एक बोंडासारखा ब्रीदर असतो. तसाच तापलेला अ‍ॅक्सल वहाळाच्या गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि बाहेरचं ओढून घेते. ब्रीदर पाण्याखाली असेल तर तिथून, तो मातीने बुजलेला असेल तर ऑइल सीलच्या कडेने. माणूस म्हणतो, पाणी तर गुडघ्याएवढंही नव्हतं. गुडघ्याएवढं लागतच नाही. शे-दीडशे रुपयांची रबरी नळी लावून ब्रीदर वर बॉडीपर्यंत न्यायचा, संपला विषय. इतकं साधं काम, पण कोणी करून घेत नाही.

फोर बाय फोरबद्दल एक गैरसमज आहे तोही काढून टाकू. चारही चाकांना सारखा जोर मिळतो असं लोकांना वाटतं. डाव्या-उजव्या चाकांत जोर वाटणारी गिअरची पेटी म्हणजे डिफरन्शियल. साध्या डिफरन्शियलला ज्या चाकाला अडकाव कमी ते फिरवायची खोड असते. तुमच्या चढावर जांभ्याच्या कडेला पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक हलकं झालं की ती दोनच गरगरत राहणार आणि जमिनीला टेकलेली दोन ढिम्म. जिम्नी अशा वेळी फिरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावून जोर पलीकडे ढकलते. फोर्सच्या गुरखात पुढे-मागे दोन्हीकडे लॉक आहे, दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं, हाताने घालायचं. म्हणून नुसती फोर बाय फोरची पट्टी बघून पैसे देऊ नका, "चाक हवेत गेलं तर काय होतं" असं विचारा आणि दाखवा म्हणा.

गुरखा चढाला थारपेक्षाही सरस, पण तुमच्या बजेटच्या वर आणि तुमच्या बाजूला तिचं काम जाणणारे कमी. मोठे पिकअप, व्ही-क्रॉस किंवा हायलक्स, लांबीलाच जवळपास ५.३ मीटर. तुमच्या बिदीत वळण असेल तर मागेपुढे करताना गडगा पाडाल.

माझं मत विचाराल तर बोलेरो कॅम्पर, फोर बाय फोरची. पुढे पाच माणसं, मागे उघडा हौदा, टनाच्या आसपास माल. दिसायला काही नाही, पण हातोडी-पाना घेतलेला कुठलाही मेस्त्री तिच्याखाली जाऊ शकतो.

---

गुरांचा_डॉक्टर_देवगड

जिम्नीबद्दल थोडं, कारण मी ती वापरतो. वाडीवाडीत गुरं बघायला जावं लागतं आणि आमच्याकडच्या बिद्या बैलगाडीच्या मापाच्या. जिम्नीची रुंदी १६४५ मिमी, थारची १८२०. कागदावर पावणेदोनशे मिमीचा फरक काहीच वाटत नाही, गडग्याच्या मध्ये उभं राहिल्यावर कळतो. आरसे मिटून जाणारी गाडी आणि बाहेरच ठेवावी लागणारी गाडी, एवढा तो फरक आहे.

चढते उत्तम. पेट्रोल असल्यामुळे थोडं थोडं चालवून बंद करत राहिलं तरी कुरकुर नाही. पण गॅरेजवाले म्हणतात ते खरं, ही ओझ्याची गाडी नाही. एकूण भारित वजन १५४५ किलो आणि रिकामी १२०० च्या आसपास, म्हणजे माणसं धरून साडेतीनशे किलोच्या आतच. माझी औषधांची पेटी, नायट्रोजनचं कंटेनर आणि मदतनीस यांना पुरते. तुमचे तीस क्रेट म्हणजे दोन नव्हे, तीन खेपा.

आणि ताई, कुठलीही घ्या, पण खाऱ्या वाऱ्याचं बघा. आमच्या शेजारच्यांची गाडी वरून चकाचक, खाली सायलेन्सरची पकड आणि ब्रेकचे पाइप गंजून पापुद्रे सुटलेले. पावसाळा संपला की खालून गोड्या पाण्याने धुवायची, वाळू द्यायची, मगच कोटिंग. ओल्यावर कोटिंग मारलं तर गंज आत झाकला जातो आणि निवांत वाढतो.

---

कलमवाली_राजापूर

सगळ्यांचे आभार. डॉक्टरांचं वाचून आज टेप घेऊन बिदीत गेले. सगळ्यात अरुंद जागा फणसाच्या मुळाशी, पाच फूट अकरा इंच. म्हणजे १८०० मिमीच्या आसपास. पुतण्याला फोन करून सांगितलं, तो म्हणतो फणस तोडा. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. पुढचं लिहीत नाही.

जिप्सी बघून आलो. तेल पांढरं निघालं. मालक म्हणाला, "ते तसंच असतं." आमचे हे हसून परत आले.

गॅरेजवाले दादा, दोन शंका. एक, कॅम्पर डिझेल आहे. नवीन डिझेल गाड्यांना धुराचा कसला तरी फिल्टर असतो, तो तुंबतो, हजारोंचा खर्च येतो असं ऐकलं. आमची गाडी तर बरेच दिवस दीड किलोमीटर आत आणि दीड किलोमीटर बाहेर इतकीच फिरणार. दोन, सगळे पैसे गाडीत घालावेत की चढच नीट करावा, असं आता मनात येतंय.

---

गॅरेजवाला_सावर्डे

ताई, फणस राहू दे. कॅम्पर थारपेक्षा अरुंद आहे, पण शोरूममध्ये टेप घेऊनच जा आणि आरशासकट मोजा. माहितीपत्रकात आरसे धरलेले नसतात.

फिल्टरचं बरोबर ऐकलंत. बीएस-सहाच्या डिझेल गाड्यांना सायलेन्सरच्या वाटेत डीपीएफ असतो, धुरातली काजळी धरून ठेवणारा. काजळी साठली की गाडी ती आतल्या आत जाळते, पण त्याला उष्णता लागते, आणि उष्णता यायला गाडी सलग पळावी लागते. थंड इंजिन, लो गिअर, दहा मिनिटं आणि बंद, हे रोज चाललं तर जाळायला वेळच मिळत नाही. मग दिवा लागतो. त्या दिव्याकडे दुर्लक्ष करून महिनाभर चालवणारी गिऱ्हाइकं माझ्याकडे येतात, त्यांचे हजारो जातात. तुमचं तसं व्हायचं कारण नाही, कारण सासूबाईंची रत्नागिरीची फेरी आहे. हायवेला लागलात की वरचा गिअर घालून घाई करू नका, इंजिन थोडं वरच्या आरपीएमवर ठेवून वीस-पंचवीस मिनिटं सलग चालवा. पंधरवड्यातून अशी एक फेरी झाली की पुरे. ज्याची गाडी बागेबाहेर पडणारच नाही त्याला मात्र मी पेट्रोलच घे म्हणेन.

दुसरी शंका मी काढणारच होतो, गॅरेजवाल्याने काढणं बरं दिसत नाही म्हणून थांबलो. साठ-सत्तर मीटरसाठी बारा लाख हा हिशेब मलाही खटकत होता. पूर्ण रस्ता सिमेंटचा करायची गरजच नाही. चाकाखाली येतील अशा दोन पट्ट्या टाका, प्रत्येकी अडीच फूट रुंद, मधली जागा मोकळी. खाली चिऱ्याचं सोलिंग, म्हणजे दगडांचा थर, आणि कडेने पाण्याला गटार पाहिजेच, नाहीतर पहिल्याच पावसात पट्टीखालची माती वाहून जाईल आणि पट्टी अधांतरी राहील. वरून काँक्रीट ओलं असतानाच आडव्या रेघा ओढून घ्या, वीतवीतभर अंतरावर, बोटभर खोल. गवंडी गुळगुळीत करून देण्यात भूषण मानतात, त्यांना तिथे उभं राहून अडवा. गुळगुळीत पट्टीवर ऑगस्टमध्ये शेवाळ धरलं की फोर बाय फोरसुद्धा घसरते. पाणी मारून पुरते दिवस ओलं ठेवा. म्हणून हे काम दिवाळीनंतर काढा, मेमध्ये नको.

वहाळाचं दगडी फरशीवर भागेल. पावसाळ्यात पाणी वाढलं की पलीकडे जायचं नाही, हे गाडी कुठलीही असली तरी. वाहत्या पाण्यात गाडीचा किती भाग बुडाला यापेक्षा पाण्याला ओढ किती आहे ते महत्त्वाचं. गढूळ असेल तर तळाचा दगड कुठे सरकलाय तेही दिसत नाही.

आता पट्ट्या झाल्यावर तुमची जुनी पिकअप मेमध्ये चढेल का? रिकामी कदाचित अडेल, कारण मागच्या चाकांवर वजनच नसतं. शेणखताची पाच-सहा पोती हौद्यात मागच्या अ‍ॅक्सलच्या बरोबर वर टाकून बघा. भरलेली तर उतरायचीच असते, चढायची नसते. म्हणजे तुमचा मूळ त्रास पट्ट्यांनी बराच सुटतो. उरतो पावसाळा, आणि उरतात सासूबाई.

म्हणून मी असं सुचवेन: या दिवाळीनंतर पट्ट्या. एक मे महिना जुन्या पिकअपवर काढून बघा. त्यानंतरही अडलं तर कॅम्पर फोर बाय फोर, आणि तोवर कर्जही कमी लागेल. नाही अडलं तर पिकअप ठेवा आणि घरच्यांसाठी कुठलीही साधी, चढायला-उतरायला सोपी गाडी घ्या. थारमध्ये सासूबाईंना चढवायला स्टूल लागेल.

कॅम्पर घेतलीतच तर ती मालवाहू म्हणून पास होते हे ध्यानात ठेवा. आठ वर्षं होईपर्यंत दर दोन वर्षांनी फिटनेस, नंतर दर वर्षी. विमाही त्याच दराने. हे खर्च शोरूमवाला शेवटच्या पानावर दाखवतो.

---

सह्याद्री_भटक्या

वीस क्रेटच्या वर माल असेल तर थार मागे घेतो 🙂 पण गॅरेजवाले दादा, टायरचं कोणीच बोललं नाही. लाल मातीला काय?

---

गॅरेजवाला_सावर्डे

आपली लाल माती चिकट, ती नक्षीत भरून बसते आणि टायर गुळगुळीत होऊन जातो. रुंद खाचांचा टायर फिरताना माती फेकून देतो, म्हणून ऑल-टेरेन बरा. निव्वळ चिखलाचा मड टायर नको, हायवेला ओल्या डांबरावर त्याचं ब्रेकिंग कमी आणि आवाज डोकं उठवणारा. ताईंना रत्नागिरीला जायचंय.

चढावर रिकाम्या गाडीची हवा थोडी कमी केली, तीसची वीस-बावीस, तर टायर पसरतो आणि पकड येते. पण वर जाऊन तीस क्रेट भरून त्याच हवेवर उतरायचं नाही, आणि डांबरावर तर नाहीच, टायर रिमवरून सुटेल. बारा व्होल्टचा छोटा पंप गाडीत ठेवा. उतरताना लो, पहिला गिअर, आणि पाय क्लचवरून काढून ठेवायचा. ड्रायव्हर घाबरून क्लच दाबतो आणि मग सगळं ओझं ब्रेकवर येतं. डांबर लागलं की फोर व्हील काढायची, वळणावर गाडी आखडते आणि पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर ताण येतो. आणि उन्हाळ्यात गरज नसली तरी महिन्यातून एकदा मऊ जागी घालून शे-दोनशे मीटर चालवायची, म्हणजे आत तेल फिरतं आणि जूनमध्ये लिव्हर अडून बसत नाही.

---

कलमवाली_राजापूर

गवंड्याशी बोलले. तो म्हणाला, "रेघा कशाला वहिनी, फिनिशिंग बिघडेल." दिवाळीनंतर मीच उभी राहते. कॅम्परची किंमत तेवढी राजापुरातून काढून ठेवते, मे झाला की इथेच लिहीन.